सेवा-अहवाल : एक दुर्लक्षित वाङ्मयप्रकार

मराठी समीक्षेने ज्याला अद्याप हात लावलेला नाही अशा एका लेखनप्रकाराविषयी मला येथे लिहावयाचे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी वस्तीवर जातात, तेथील अंगणवाडीत काही काम करतात आणि परत येऊन त्या कामाचा अहवाल लिहितात. हा तो प्रकार. कोणी म्हणेल, यात कसले आले आहे वाङ्मय? चार तक्ते, दहा छायाचित्रे, खर्चाचा हिशेब आणि शेवटी आभार! परंतु ज्या लेखनात एक समाज दुसऱ्या समाजाचे चित्र काढतो, त्याला नाव देतो, त्याची गरज काय ते स्वतःच ठरवतो, ते लेखन मूल्यमापनाच्या कक्षेबाहेर ठेवणे मला मान्य नाही. कथा-कवितेतील दलित प्रतिमेची आपण कसून झडती घेतली. या कागदांची मात्र कोणी घेतली नाही.

हे अहवाल येतात कोठून? राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असा तिचा साचा आहे. 'मी नव्हे, तू' अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य आहे. यातला 'तू' कोण, हे मात्र बोधवाक्य सांगत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान आले. दिल्लीची आयआयटी त्याची समन्वयक संस्था असून सहभागी संस्थेने किमान पाच गावे दत्तक घ्यावीत अशी त्याची रचना आहे. पुढे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चार वर्षांच्या पदवीसाठी १०० उपक्रम-गुणांची कल्पना काढली. म्हणजे आता सेवेलाही गुण आहेत. गुण आले की पुरावा आला आणि पुरावा आला की अहवाल आला.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाशी बरीच वर्षे संबंध असल्याने हे अहवाल तपासणे माझ्या वाट्याला येते. ते लिहिणारी मुले वाईट नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. उन्हातान्हात फिरतात, पदरचे पैसे घालतात, लहान मुलांत रमतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. मला त्यांच्या वाक्यांविषयी बोलावयाचे आहे.

या वाक्यांना कर्ता नसतो. जाणीवजागृती 'करण्यात येते', साहित्याचे वाटप 'करण्यात येते', पालकांना मार्गदर्शन 'करण्यात येते'. वस्तीची माणसे फक्त चतुर्थीत येतात. त्यांना काहीतरी दिले जाते. त्यांना नावे नसतात. ती 'लाभार्थी' असतात. मूल असते, पण ते हसरे असते, निरागस असते, आणि छायाचित्रात त्याच्या हाती नवी पाटी असते. पाटी देणाऱ्याचा हात त्या छायाचित्रात ठळक दिसतो. अंगणवाडीची सेविका, जी वर्षातील उरलेले तीनशे दिवस त्या मुलांना सांभाळते, ती आभारांच्या यादीत शेवटून दुसरी असते. तिच्यानंतर चहापाणी पुरवणाऱ्याचा क्रमांक. आणि जात? साठ पानांच्या अहवालात हा शब्द एकदाही येत नाही. 'मागास', 'वंचित', 'दुर्बल', 'तळागाळातील' येतात. सगळे शब्द अवस्था सांगतात. ती अवस्था कोणी आणली, हे सांगणारा एकही नाही. जणू काही वस्ती पावसासारखी आभाळातून पडली आणि खोलगट जागी साचली.

अंगणवाडीच्या भिंती रंगवणे हा या मुलांचा फार आवडता उपक्रम आहे. तो सोपा असतो आणि छायाचित्रात उठून दिसतो. दलित वस्तीतील अशा एका रंगवलेल्या भिंतीवर मी मुळाक्षरे पाहिली. ग गणपतीचा, भ भटजीचा, क्ष क्षत्रियाचा. बाजारातील तक्त्यावरून जशीच्या तशी उतरवलेली. चित्रकार मुलांच्या मनात काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. मनात काही नसताना हात जे काढतो त्यालाच संस्कृती म्हणतात. त्या भिंतीसमोर बसणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाच्या घरातले, अंगणातले, त्याच्या आईच्या कामातले एकही अक्षर भिंतीवर नव्हते. (षटकोनाचा ष तेवढा होता. अभियंत्यांनी काढलेल्या भिंतीवर तो एकटाच त्यांच्या धंद्यातला!)

येथे 'अंगणवाडी' या शब्दाचा इतिहास आठवावा लागतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. त्या काळी ज्याला 'हरिजनवाडा' म्हणत, तेथील मुले गावच्या बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ती अंगणवाडी. ताराबाईंच्या धडपडीचे मोल मी कमी लेखत नाही. बालवाडी मुलाकडे गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि करून दाखवले. पण मुले का येईनात, हा प्रश्न त्या शब्दाच्या पोटात आहे आणि तो आजही तेथेच आहे. शब्द जन्मला तो अंतरातून. गाव आणि वाडा यांच्यामधील अंतरातून.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी झाली. सरकारी झाल्यावर तिचा पत्ता पालटला. ती जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे गावात जागा देण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांच्या आळीत भरू लागली. अन्नविषयक योजनांतील जातिभेदावर सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी २००५ मध्ये लिहिले, तेव्हा रेशन दुकान आणि शाळेतील भोजन यांची जागा कोणत्या वस्तीत आहे हा मुद्दा त्यांनी मध्यभागी आणला. अन्न शिजते कोठे, वाटते कोण, यावर दलित मुलाच्या ताटात काय पडते ते ठरते. अंगणवाडीला हाच नियम लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाला हे कळले होते. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना नव्या अंगणवाड्या देताना प्राधान्य द्यावे असे सांगितले. तसेच ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी, असेही सांगितले.

आता मला सांगा, हा आदेश कोणत्या शास्त्राच्या भाषेत आहे? मोजणीच्या. किती मुले, किती वयाची, किती अंतरावर, मधे ओढा आहे की रस्ता. समपातळी काढणे, नकाशा करणे, साखळीने वा आता उपग्रहाच्या साहाय्याने अंतर मोजणे, अंदाजपत्रक करणे हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शिकवलेले असते. वस्तीवर जाताना तो नेमके हेच घरी ठेवून जातो. तेथे तो खेळणी वाटतो, नाच बसवतो, भिंत रंगवतो. ज्या कामासाठी त्याची गरज आहे ते सोडून ज्या कामाला कोणीही चालेल ते करतो, आणि त्याचे नाव सेवा!

एक उदाहरण सांगतो. गावाचे व संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. मराठवाड्यातील एका गावी आमच्या भागातील विद्यार्थ्यांच्या गटाने अंगणवाडीला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून दिले. अहवाल देखणा होता. यंत्र ताशी किती लिटर पाणी देते, वीज किती खाते, सारे आकडे अचूक. अंगणवाडी भरत होती ती मारुतीच्या मंदिरालगतच्या खोलीत. आपला वाडा ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा भरला की वाड्यातील मुले येत नाहीत. सेविकेची मदतनीस कधी डबा घेऊन पलीकडे जाते, कधी नाही. त्या गटात आपल्यातला एक विद्यार्थी होता. त्याने अहवालाच्या शेवटी एक नकाशा जोडला होता. वाडा, ओढा, मंदिर, अंगणवाडी, पायवाटेची लांबी मीटरमध्ये, आणि घरोघर फिरून केलेली सहा वर्षांखालील मुलांची यादी. नकाशावर त्याने वाड्याचे नाव लिहिले होते, जसे गावात म्हणतात तसे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ते पान काढून टाकावयास सांगितले. कारण दिले, 'विषयबाह्य'. ते पान मी वाचले तेव्हा मला वाटले, या साठ पानांत हेच एक पान अभियांत्रिकीचे आहे.

वाड्यातील मुलांची संख्या ३१ भरली. चाळीसला नऊ कमी! येथे आकड्याचे राजकारणही ध्यानात घेतले पाहिजे. गावकुसाबाहेरची वस्ती लहानच असते. ती लहान राहावी अशीच गावाची रचना आहे. तेव्हा चाळिसाचा नियम सर्वांना सारखा असूनही तो आपल्या वस्तीवर उलटतो. त्या विद्यार्थ्याने मग आदेशातील दुसरे वाक्य धरले, प्राधान्याचे. वाड्यातील बायकांच्या सह्या-अंगठ्यांनी अर्ज गेला. नकाशा त्याला जोडला. बालविकास प्रकल्प कार्यालयाने अर्जावर शिक्का मारून पोच दिली. पुढे काय झाले म्हणाल तर ओढ्यावर सिमेंटचे नळे टाकून पायवाट झाली; अंगणवाडी आहे तेथेच आहे. पण नकाशाने जे केले ते यंत्राने केले नव्हते.

हा भेद नवा नाही. बाबासाहेबांनी तो १९३२ साली मांडला आहे. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संघ निघाला, तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. त्याचे सरचिटणीस अ. वि. ठक्कर यांना बाबासाहेबांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, लंडनकडे जाताना बोटीवरून, एक सविस्तर पत्र लिहिले. सेवाकार्यात पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावयास हवे. त्याचा आशय असा : दलितांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक मानते की माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या स्वतःच्या वागण्यात आहे. म्हणून ती दारूबंदी, तालीम, वाचनालय, शाळा असल्या उपक्रमांनी व्यक्तीला सद्गुणी करू पाहते. दुसरी मानते की मूळ परिस्थितीत आहे. म्हणून ती परिस्थितीवर चालून जाते. बाबासाहेबांचा कौल दुसरीला होता. विहिरीवर पाणी भरणे, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीत प्रवेश, सार्वजनिक वाहनांचा वापर या नागरी हक्कांसाठी संघाने गावोगाव मोहीम काढावी. त्यातून संघर्ष उभा राहील, तर त्याला भिऊ नये. आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत, कारण आपुलकी पगारावर मिळत नाही. या सूचना बाजूला पडल्या. संघ हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण त्यांचे आहे, तेव्हा संघ ऋणकोंनीच चालवावा अशी गांधीजींची भूमिका होती. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात हा सारा व्यवहार मांडला आहे. ऋणकोने कर्ज केव्हा, किती, कोणत्या नाण्यात फेडावयाचे हे स्वतःच ठरवावे आणि धनकोने आभार मानावेत, असा हा हिशेब!

आजच्या सेवा-अहवालाची मांडणी ठक्करबाप्पांच्या संघाची आहे. बाबासाहेबांच्या पत्राची नाही. वाचनालयाच्या जागी संगणक आला, तालमीच्या जागी 'व्यक्तिमत्त्व विकास' आला. दृष्टी तीच राहिली. 'दत्तक' हा शब्दच पाहा. दत्तक कोणाला घेतात? ज्याला आईबाप नाहीत वा जे त्याला पोसू शकत नाहीत, त्याला. पाच-पाच गावे दत्तक घेणाऱ्यांना कोणी विचारले पाहिजे, बाबांनो, या वस्त्यांना आईबाप आहेत. तेच तुमच्या महाविद्यालयाच्या इमारतीवर विटा वाहात होते.

हा प्रश्न आपल्याच देशातला आहे असेही नाही. इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे, खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण करून त्यांना सरळ परत जाण्यास सांगितले होते. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, जे तुम्हाला 'नको' म्हणू शकत नाहीत, त्यांच्यात जाऊन तुम्ही भले कसे करणार, हा त्यांचा रोख होता. इलिच यांचा राग मला समजतो, पण त्यांचा निष्कर्ष मला जसाच्या तसा घेता येत नाही. मेक्सिकोत परके होते ते दुसऱ्या देशाचे. आपल्याकडे विद्यार्थी परत जाणार कोठे? तो त्याच गावचा पाटील असू शकतो. त्याच गावच्या वाड्यातलाही असू शकतो.

या दुसऱ्या विद्यार्थ्याविषयी हे अहवाल मुके आहेत. सेवा करणारा सारा गट एकजिनसी, जातिविरहित 'आम्ही' असतो. त्या 'आम्ही'त राखीव जागेवरून आलेला मुलगा असतो. सकाळी तो वस्तीत पाटी वाटतो आणि रात्री वसतिगृहात त्याला प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारला जातो. क्रमांक विचारणे ही जात विचारण्याची सभ्य रीत आहे. गुणवत्ता आणि जात यांचे आयआयटीतील साटेलोटे अजंठा सुब्रमणियन यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखवले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाला असलेल्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा संस्थेच्या समितीला जातिभेदाचा पुरावा सापडला नाही. कुटुंबाने आणि विद्यार्थी संघटनांनी ते मानले नाही. स्वतःच्या वसतिगृहातील अंतर ज्या संस्थेला मोजता येत नाही, तिने पाच गावांचे अंतर मिटवावयास निघावे?

सारेच अभियंते असे नाहीत. अरविंद गुप्ता १९७० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीतून बाहेर पडले आणि मोटारीच्या कारखान्यातून वर्षभराची रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. १९७२ मध्ये १६ शाळांपासून सुरू झालेला तो कार्यक्रम. तेथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून भूमितीचे आकार केले. पुढे पुण्यात त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांवर अनेक वर्षे काम केले. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की येथे वस्तू मुलाच्या घरातलीच होती आणि ती हाताळणारा गावचा शिक्षक होता. पाहुणा निघून गेला तरी काम उरत होते. अर्थात यालाही मर्यादा आहे. काडी आणि नळी यांना जात नसते; त्या कोणत्या आळीच्या शाळेत पोचतात याला असते. आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो कार्यक्रम बंद केला. वीस-तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबते, तेव्हा हक्क आणि उपक्रम यांतील फरक कळतो.

आता सेविकेकडे येतो. आभारांच्या यादीत शेवटून दुसरी असलेली ती. दलित, आदिवासी, भटक्या समाजांतील कितीतरी स्त्रियांचे पहिले घराबाहेरचे लिखापढीचे काम म्हणजे अंगणवाडी. शासनाच्या लेखी ती कर्मचारी नाही, मानधनावरची मानसेवी बाई आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी प्रकरणात तिला शासकीय पद नाकारले. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या आणि तो जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्या काळातले सेवा-अहवाल मी मुद्दाम काढून पाहिले. दोन अहवालांत 'अंगणवाडी काही कारणास्तव बंद असल्याने' उपक्रम शाळेत घेतल्याची नोंद आहे. काही कारणास्तव!

तिचे एक दुखणे तर सरळ अभियांत्रिकीचे होते. मार्च २०२१ पासून मुलांची नोंद मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये करावयाची झाली. हाती दिलेला मोबाइल नोंदी पेलत नव्हता आणि पडद्यावरची भाषा इंग्रजी होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले. सातवी-दहावी शिकलेल्या या बायांनी यंत्राची सदोष रचना ओळखली, तिला नकार दिला आणि मराठीची मागणी केली. यंत्र कोणासाठी असते आणि कोणाच्या भाषेत बोलते हा तंत्रज्ञानाचा मूलभूत प्रश्न त्यांनी विचारला. हजारो संगणक-अभियंते तयार करणाऱ्या या राज्यात त्यांच्या बाजूने एखाद्या महाविद्यालयाने त्या यंत्राची तांत्रिक तपासणी करून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. भिंती मात्र रंगवल्या गेल्या.

आपल्या साहित्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्यांच्या आधी मराठीत अस्पृश्याविषयी कळवळा नव्हता असे नाही, भरपूर होता. पण तो कळवळा बोलत होता आणि अस्पृश्य ऐकत होता. बोलणारा बदलला तेव्हा भाषा बदलली, आणि भाषा बदलली तेव्हा 'बिचारा' हा शब्द आपोआप गळून पडला. अहवालाच्या बाबतीत हे घडावयाचे आहे. वस्तीचा अहवाल सेविकेने सांगावा, विद्यार्थ्याने लिहून घ्यावा, आणि तिचे नाव लेखक म्हणून वर यावे. मदतनिसाला काय दिसते, ओढा कधी भरतो, तराजू किती महिने बिघडलेला आहे, टीएचआरची पाकिटे लोक का खात नाहीत, हे तिला ठाऊक आहे. विद्यार्थ्याने त्यातून मोजण्याजोगे ते मोजावे, माहितीच्या अधिकारात मागण्याजोगे ते मागावे, आणि मग वाटल्यास भिंत रंगवावी.

चालू वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या समितीपुढे मी अहवालाच्या छापील नमुन्यात तीन रकाने वाढवण्याची सूचना ठेवली. अंगणवाडीपासून प्रत्येक वस्तीचे अंतर, मीटरमध्ये. सेविका व मदतनीस यांना शेवटचे मानधन मिळाल्याची तारीख. आणि वस्तीत कोणत्या जाती राहतात. पहिला रकाना लगेच मंजूर झाला. दुसऱ्यावर थोडी कुरकुर झाली, पण तोही छापला गेला. तिसरा 'विषय संवेदनशील असल्याने' पुढील बैठकीसाठी राखून ठेवला आहे.